एकदा 'नको' म्हटल्यावर

जूनचा पहिला आठवडा आला की आयर्लंडमध्ये हमखास ऊन पडतं. त्याला इथे परीक्षेचं हवामान म्हणतात. मुलं शाळेच्या हॉलमध्ये खाली मुंडी घालून पेपर लिहीत असतात, आणि वर्षभर दडी मारून बसलेला सूर्य नेमका तेव्हा त्यांना चिडवायला हजर होतो. यंदा त्या हॉलमध्ये आमची सई आहे, ज्युनिअर सर्टच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला. सकाळी शाळेच्या फाटकाशी तिच्या हातावर दहीसाखर ठेवायला गेले, तर इकडेतिकडे बघत म्हणाली, "मम, नॉट हिअर!" दहीसाखरेची डबी तशीच घेऊन मी घरी आले आणि परसात कपडे वाळत घालायला लागले. कुंपणापलीकडून नोरीन ओरडली, "ग्रँड ड्रायिंग टुडे, रूपाली!" म्हणजे आज कपडे झकास वाळणार. नोरीन म्हणजे आमची पंचाहत्तरीची शेजारीण. ऊन पडल्याचा आनंद इथल्या बायकांना आधी कपड्यांच्या दोरीवर होतो. त्या बाबतीत त्या अगदी आपल्याकडच्या आहेत.

मी तिला हो म्हटलं, हसलेही, आणि मग बराच वेळ सईचा ओला टीशर्ट हातात धरून नुसती उभी राहिले. चार वर्षांपूर्वी याच उन्हात, याच आठवड्यात, मी माझ्या वडिलांना स्कँडिनेव्हिया दाखवायला घेऊन गेले होते. ऑस्लो, डोंगरातली रेल्वे, फ्योर्डमधली बोट, बर्गन, कोपनहेगन. कुणी विचारलं तर मी अजूनही 'आमची ट्रिप' असंच म्हणते. खरं सांगायचं तर मी त्यांना पोचवायला गेले होते.

अण्णा कराडच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून, तोंडाजवळ माइक धरून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगण्यात त्यांची तीस वर्षं गेली. लहानपणी मला वाटायचं, अण्णांनी सांगितल्याशिवाय गाड्या हलतच नाहीत. घरीसुद्धा ते तसेच बोलत, ठासून, प्रत्येक शब्द दोनदा ऐकू जाईल असं. आई गेल्यावर मात्र तो आवाज उतरला. मी एकुलती एक, आणि लग्नानंतर दोन वर्षांतच नवऱ्यामागून आयर्लंडला आलेली. मिलिंद इथे ड्रोहेडाजवळच्या औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी आधी नुसतीच 'डिपेंडंट' होते. पुढे घरातूनच चकल्या, कडबोळी, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागले आणि त्याचा बऱ्यापैकी धंदा झाला. अण्णा तिकडे तीन खोल्यांत एकटे. सकाळी स्टँडवर जाऊन चहा पिऊन येत, दुपारी शेजारच्या शिंदे काकू भाजी देत, संध्याकाळी माझा फोन. त्या वर्षी एप्रिलमध्ये ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले.

ते आले ते नुसते लेकीचं घर बघायला आले नव्हते. हे मला माहीत होतं, मिलिंदला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे अण्णांनाही माहीत होतं. इथे म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं ठेवून घेणं सोपं नाही, कागदपत्रांचा डोंगर असतो आणि शेवटी बहुतेक नकारच येतो. पण दर उन्हाळ्यात तीन महिने येऊन राहायला कुणाची ना नव्हती. कितीतरी जणांचे आईवडील तसे येतात. फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि ते मी म्हणायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मिलिंद म्हणाला, "अण्णा, आता दर समरला इकडेच यायचं. तिकडे एकटं काय करता?"

अण्णांनी ताटातली कोशिंबीर इकडची तिकडे केली. "नको बाबा. तुमचं तुमास्नी काय कमी हाय का? मला न्हाई करमायचं हितं."

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे 'नको' कळतं. हे 'नको' म्हणजे पहिली पायरी. समोरच्याने मग म्हणायचं असतं, "असं कसं, अण्णा?" मग दुसरं नको, जरा मऊ. मग समोरच्याने हात धरायचा, शपथ घालायची, रागवायचं, आणि तेव्हा कुठे माणूस म्हणतो, "बरं, तू एवढं म्हणतीस तर." आग्रहाशिवाय आपल्याकडे कुणी पुरणपोळीसुद्धा घेत नाही. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. पुढचं बोलायचा हक्क माझा होता. मी म्हटलं, "अण्णा, भाजी घ्या ना थोडी." ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ते हात आडवा घालत असताना मी डाव ताटात रिकामा केला. भाजीचा आग्रह मी रीतसर, पूर्ण केला.

आता का नाही म्हटलं, ते इथे लिहून टाकते, कारण इतकी वर्षं मी कायद्याच्या आड लपले आहे. आमचं घर तीन बेडरूमचं, त्यातली तिसरी म्हणजे जेमतेम एक कॉट मावेल एवढी. तिथे माझे चकलीचे डबे, पिठाची पोती, पॅकिंगचं सामान. अण्णा त्या सामानात झोपत. पहाटे पाचला उठत, खाकरत, जिने उतरत, आणि रात्रपाळी करून आलेल्या मिलिंदची झोप मोडे. मोबाइलवर बातम्या मोठ्याने लावत. फ्रायरसमोर मी घामाघूम झालेली असताना मागे उभं राहून, "तेल जरा कमी तापलंय वाटतं," म्हणत. सगळ्यांचे वडील करतात तेच. आणि मला त्याचा जाच होत होता. त्यांनी नको म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि मला त्यांचं हो नको होतं.

आग्रहाची गंमत अशी की तो अण्णांना मिळाला नोरीनकडून. ही बाई रोज सकाळी कुंपणाशी येऊन त्यांना चहाला बोलवायची. अण्णा हात जोडून, "नो, नो, थँक्यू." ती म्हणायची, "आह, गो ऑन." अण्णा म्हणायचे, "नो, नो." ती म्हणायची, "यू विल, यू विल. जस्ट अ ड्रॉप." असं तीन वेळा झालं की अण्णा चपला सरकवून जायचे आणि तासाभराने बिस्किटं खाऊन यायचे. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो येत नव्हती. "ही बाई आपल्याकडचीच हाय," अण्णा म्हणाले, "हिला कळतंय."

ट्रिप मी फार आधीच ठरवली होती, ते यायच्याही आधी. स्टँडवर आयुष्य काढलेल्या माणसाला जगातल्या सगळ्यात शिस्तीच्या गाड्या दाखवायच्या, अशी कल्पना होती. तिकिटं काढून झाली होती, हॉटेलं ठरली होती, अण्णांनी तिकडचा व्हिसाही मुंबईतूनच काढून आणला होता. जूनमध्ये आठ दिवस फिरायचं, परत ड्रोहेडाला यायचं, आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे त्यांचे नव्वद दिवस भरेपर्यंत, त्यांनी आमच्याकडे राहायचं.

आणि मेमध्ये एका संध्याकाळी कागद छापता छापता मिलिंद म्हणाला, "रूपा, हे बघितलंस का? अण्णांचा इकडचा व्हिसा सिंगल एंट्री आहे."

फॉर्म मी भरला होता. सिंगल की मल्टिपल, असा प्रश्न होता, आणि मी सिंगलवर टिचकी मारली होती. माणूस एकदा येणार, एकदा जाणार, मल्टिपल कशाला? इतकी वर्षं इथे राहून, आयरिश पासपोर्ट घेऊनही, आयर्लंड त्या बाकीच्या युरोपच्या व्हिसात येत नाही ही साधी गोष्ट मी विसरले होते. अण्णा एकदा नॉर्वेला गेले की त्यांना परत आमच्या घरी येता येणार नव्हतं. तिकडूनच भारतात जावं लागणार होतं. चार आठवडे आधी.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते परसात बसून नोरीनच्या गुलाबांकडे बघत होते. जराही वेळ न लावता म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे की ते नॉर्वे-बिर्वे. मला काय बघायचंय तिथं? मी हितंच बरा हाय."

हे 'नको' मात्र खरं होतं. आणि ह्या 'नको'ला मी आग्रह केला. एकदा नाही, चार दिवस. पैसे वाया जातील, म्हटलं. आयुष्यात पुन्हा कधी बघणार, म्हटलं. माझी किती इच्छा आहे, म्हटलं. मी रुसलेसुद्धा. शेवटी अण्णा म्हणाले, "बरं, तू एवढं म्हणतीस तर." मी लगेच कोपनहेगनहून त्यांचं मुंबईचं तिकीट काढलं. त्या रात्री ते लवकर झोपले. आपल्याला चार आठवडे आधी घालवायला लेक इतका हट्ट करते आहे, हे त्यांनी मनाला कसं लावून घेतलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. मी ऑस्लोतल्या ट्रामचा नकाशा बघत होते.

मिलिंदला सुट्टी मिळाली नाही, सईची शाळा होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. निघताना अकरा वर्षांची सई त्यांच्या गळ्यात पडली. "आजोबा, कम बॅक सून, ओके?" अण्णांना तेवढं इंग्रजी येत होतं. "व्हय," म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन लावत होते.

ऑस्लोच्या विमानतळावर दोन रांगा होत्या. माझ्या पासपोर्टची रांग यंत्रांची, अर्ध्या मिनिटात मी पलीकडे. अण्णांची रांग वळणावळणाची, शंभरेक माणसांची. काचेपलीकडून मी त्यांना बघत होते. मधोमध भांग, मी घेतलेलं निळं जॅकेट बाह्यांना लांब, आणि छातीशी कागदांची प्लॅस्टिकची फाइल. रांग पुढे सरकली की ते मागच्या माणसाला हाताने पुढे या म्हणून खूण करायचे. इतकी वर्षं रांगा लावलेला माणूस होता तो. पाऊण तासाने बाहेर आले आणि म्हणाले, "तू लगीच गेलीस व्हय? मला वाटलं हितंच कुठं असशील मागं." मी म्हटलं, "चला अण्णा, ट्रेन चुकेल."

'चला अण्णा' हे त्या आठ दिवसांचं पालुपद. माझ्या फोनमध्ये त्या ट्रिपचे चाळीसेक व्हिडिओ आहेत. ज्याच्या छपरावर चढून जाता येतं असं पांढरं नाट्यगृह, बंदरातल्या लाल भिंतींची घरं, जूनमध्येही बर्फ राहिलेला माळ. प्रत्येकात चित्र वेगळं आणि आवाज एकच, माझा. चला अण्णा, चला. दोन वर्षं मी आवाज बंद करून ते बघत असे. आता बघतच नाही.

गाड्यांवर मात्र ते खूश होते, अगदी पोरासारखे. डोंगराच्या माथ्यावरच्या एका स्टेशनात मोठी गाडी सोडून छोट्या हिरव्या गाडीत बसायचं आणि कड्याच्या पोटातून खाली उतरायचं. वाटेत एक धबधबा आहे, तिथे गाडी पाच मिनिटं थांबते. सगळे फोटो काढायला खाली उतरतात, आणि खडकावर लाल कपड्यातली एक बाई येऊन नाचते. गाणं कुठूनतरी स्पीकरवर. बाकीचे प्रवासी तिला कुणी परी समजून माना उंचावून बघत होते. अण्णांनी विचारलं, "ही रोज नाचती हितं? प्रत्येक गाडीला?" हो, म्हटलं. "पावसात बी?" बहुतेक. अण्णांनी तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. "ड्यूटी हाय बिचारीची," म्हणाले, आणि ती आत गेली तेव्हा एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या.

खाली गेलं की बोट, बोट जिथे पोचते तिथे बस, बस जिथे जाते तिथे पुन्हा ट्रेन. एकमेकांच्या वेळा पकडून सगळं बांधलेलं. आमची बोट उशिरा पोचली, तरी बस तिथे उभी होती. अण्णांनी घड्याळ बघितलं. ड्रायव्हरजवळ गेले, त्याच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, स्वतःच्या घड्याळाकडे दाखवलं. तो हसून म्हणाला, बोटीची माणसं आल्याशिवाय तो निघत नाही. मी भाषांतर केलं. अण्णा सीटवर बसले. "आमी बी थांबवायचो," म्हणाले. "पाटणची गाडी यायची असली तर पुण्याची दोन मिनटं धरून ठेवायचो. लोकं शिव्या घालायची. पर कुणीतरी पळत येतंय हे मला दिसायचं ना खिडकीतनं." मी पुढच्या ट्रेनचा फलाट शोधत होते. मी नुसतं हं म्हटलं.

त्या बोटीवरचीच गोष्ट सांगायची राहिली. फ्योर्ड म्हणजे समुद्र डोंगरात घुसून लांबवर आत आलेला. दोन्ही बाजूंना उभे काळे कडे, मध्ये हलकंसं हिरवं पाणी, इतकं शांत की बोलायला संकोच वाटावा. आम्ही डेकवरच्या बाकावर बसलो होतो. वारा बोचरा होता. शेजारी एक नॉर्वेची बाई, अण्णांच्याच वयाची, थर्मास घेऊन बसली होती. तिने कपात कॉफी ओतली आणि एक जास्तीचा कप अण्णांपुढे धरला. अण्णांनी सवयीने हात जोडले. "नो, नो, थँक्यू."

बाईने मान हलवली, हसली, कप मागे घेतला, झाकण घट्ट फिरवलं आणि थर्मास पिशवीत ठेवला.

अण्णा तसेच, अर्धवट पुढे झुकलेले. मग हळूच मला म्हणाले, "झालं?"

"काय?"

"येकदाच इचारत्यात?"

मला हसू आवरेना. "अण्णा, इथे नको म्हणजे नकोच असतं. उगाच कुणी मागे लागत नाही. पाहिजे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. "आसं व्हय," म्हणाले. आणि जरा वेळाने, पाण्याकडे बघत, "अवघडच हाय मग." ही गोष्ट मी त्या संध्याकाळी मिलिंदला फोनवर रंगवून सांगितली, पुढे कितीतरी जणांना सांगितली. सगळे हसायचे. मी कॉफीची गोष्ट म्हणून सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बदलले. बर्गनच्या हॉटेलात न्याहारीला वाढणाऱ्या मुलीने काहीही पुढे केलं की, "येस, येस." चीज, येस. न आवडणारा तो तपकिरी गोड चीजचा तुकडा, तोही येस. केबल रेल्वेने डोंगरावर गेलो, तिथे कुणा बाईने फोटो काढून देऊ का विचारलं, तर माझ्याआधी अण्णा, "येस, प्लीज." मी चिडवलं, "अण्णा, एकदम युरोपियन झालात की." ते म्हणाले, "शिकाय पायजे. न्हाई तर उपाशी ऱ्हायचं माणसानं."

कोपनहेगनला दोन दिवस. एका सकाळी लांबलचक पुलावरून स्वीडनला जाऊन आलो, दुपारच्या जेवणाला परत. यादीत एक देश वाढला म्हणून मीच खूश. सायकलींचे लोंढे बघून अण्णा चौकात थांबत, आणि मी चला अण्णा. तिथल्या मेट्रोला ड्रायव्हर नाही. अण्णांचा विश्वास बसेना. पुढच्या काचेपाशी, जिथे ड्रायव्हर बसायचा, तिथली सीट त्यांनी पकडली आणि बोगद्याचा अंधार समोरून अंगावर येताना गुडघे दाबून बघत राहिले. प्रत्येक स्टेशनात दारं मिटताना पुटपुटत, "चला, सोडा गाडी." शेवटच्या दिवशी विमानतळावरही त्याच मेट्रोने गेलो. त्या दिवशी पुढची सीट रिकामी होती, तरी ते माझ्या शेजारी बसले.

त्यांचं विमान साडेतीनला, माझं डब्लिनचं पावणेदोनला. आधी मी जाणार होते. त्यांना त्यांच्या गेटपाशी बसवलं, पाण्याची बाटली दिली, मधे कुठे विमान बदलायचं ते तिसऱ्यांदा सांगितलं. आमच्याकडे वीस मिनिटं होती. मोठ्या काचेतून ऊन आत येत होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून, निरोपाला सगळेच म्हणतात तसं, म्हटलं, "परत या हं, अण्णा."

"येतो की," अण्णा म्हणाले. लगेच. "कवा येऊ?"

माझ्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, ते उत्तराची वाट बघत होते. चौसष्ट वर्षं कराडात, त्यातली सहा पेन्शनीत, आणि आयुष्यात एकदाही पहिल्या बोलावण्याला हो न म्हटलेला माणूस. बोटीवर मी शिकवलं तसं त्यांनी म्हटलं होतं. त्यांना ते किती जड गेलं असेल. कान लाल झाले होते त्यांचे.

आणि मी म्हटलं, "बघू ना अण्णा. सईची शाळा, मिलिंदच्या शिफ्ट... ठरवून सांगते मी फोनवर."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "सवडीनं सांग. घाई न्हाई." मग त्यांनीच माझी बॅग उचलून माझ्या हातात दिली. "चल, तुझी गाडी लागली आसंल." मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. वळणापाशी मागे पाहिलं तेव्हा ते मला बघत नव्हते. समोरच्या पाटीवर गेट नंबर, वेळा पळत होत्या, त्या वाचत होते.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्यांच्या खोलीत पिठाची पोती परत लावली.

मी तारीख सांगितली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फोनवर रोज बोलणं व्हायचं, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. दिवाळीच्या ऑर्डरींच्या गडबडीत एकदा ते म्हणाले, "तिकडं थंडी पडली आसंल न्हाई आता?" मी म्हटलं, "हो अण्णा, तुम्हाला नाही सोसायची." ते म्हणाले, "ते बी खरंच." नोरीन मात्र कुंपणाशी आली की विचारायची, युवर डॅड, व्हेन इज ही कमिंग? मी म्हणायचे, सून. फेब्रुवारीत एका सकाळी ते स्टँडवर चहा प्यायला गेले नाहीत, म्हणून शिंदे काकूंनी दार वाजवलं. झोपेतच गेले होते, बरेच तास आधी. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. डॉक्टर असंच म्हणतात.

मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. चुलतभावाने अग्नी दिला होता, राख सावडून झाली होती. बघायला काही उरलंच नव्हतं. मी त्यांच्या कॉटवर बसून राहिले. बायका भेटायला येत होत्या, माझ्या शेजारी बसून रडत होत्या, आणि मला रडूच येत नव्हतं. त्या प्रत्येकीच्या नजरेची मला भीती वाटत होती. एकुलती लेक, एवढं मोठं घर परदेशात, आणि बाप हा असा एकटा गेला. त्यांच्या जागी असते तर मीही तसंच बघितलं असतं.

पण कुणी तसं बघितलं नाही. पाचव्या दिवशी शिंदे काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. चार-पाच शेजारणीही होत्या. काकूंनी माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

"तू नको गं मनाला लावून घिऊ," त्या म्हणाल्या. "तुझी काय बी चूक न्हाई. समद्यांना ठावं हाय. तिकडनं आल्यापास्नं अण्णा येकच सांगायचं. लेकीनं लई धरून ठेवलं म्हणायचं. विमानतळावर पोरगी माझा हातच सोडंना, म्हणायचं. दर साली या, हितंच ऱ्हावा, रडली म्हणायचं. मीच न्हाई म्हटलं, मला नाय करमत, म्हणायचं."

दुसऱ्या बाईने मान डोलावली. "स्टँडवर बी सांगायचं. चहावाल्याला, ड्रायव्हर लोकास्नी. आमच्या रूपासारखी लेक व्हायची न्हाई."

त्या आठ महिन्यांत, रोज सकाळी, अण्णांनी माझ्यासाठी माझा आग्रह करून ठेवला होता. गावात कुणी माझ्याबद्दल एक शब्द बोलू नये म्हणून. आपल्याला कुणी बोलावलं नाही हे कुणाला कळू नये म्हणूनही असेल. मला आता कधीच विचारता येणार नाही.

"पर आमास्नी कळंना," काकू माझ्याजवळ सरकल्या, "एवढं तू पाया पडलीस तरी का न्हाई राहिलं गं ते? काय म्हटलं तुला?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"खूप म्हटलं मी, काकू," मी म्हटलं. "ऐकलंच नाही त्यांनी."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, हट्टीच होते ते पहिल्यापासून.